डबा, त्याचा दुभाषा आणि माझा एक तृतीयांश

अल्लाचे नाव घेऊन, आणि दाराला आतून कडी आहे याची स्वतःच्या हाताने खात्री करून, मी हे लिहवून ठेवते.

मी तामू, मदनी ख्याती यांची कन्या, अविवाहित, एका विमा कचेरीतून निवृत्त झालेली टेलिफोन ऑपरेटर, राहणार मारीफ, कासाब्लांका. मी जाहीर करते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कान कुणाहीपेक्षा तिखट आहेत, आणि मला कोणी धमकावलेले, भुलवलेले किंवा काही पाजलेले नाही. परवा शेजारीण हरीरा सूप घेऊन आली होती. त्यातला पहिला चमचा मी तिलाच प्यायला लावला.

लहानपणी गोवर आला तेव्हापासून मी आंधळी आहे. आंधळ्या माणसाच्या मृत्युपत्राकडे लोक संशयाने पाहतात. हरकत नाही. मीही लोकांकडे तसेच पाहते.

कलम पहिले. माझे वारस एकच, बंधू हम्मादी. माझ्या मालमत्तेचे दोन तृतीयांश शरियतीप्रमाणे त्यांना जातात, ते मला अडवता येत नाही. उरलेल्या एक तृतीयांशावर मात्र माझी मर्जी चालते, आणि ती मर्जी तशी का झाली हे कळल्याशिवाय पुढची कलमे एखाद्या चक्रम म्हातारीची वाटतील. म्हणून आधी ते सांगते.

वडील गेले तेव्हा त्यांचे कापडाचे दुकान आम्हा दोघांच्या नावावर आले. दुकान भाड्याने दिलेले होते. चाळीसाव्याचे जेवण झाले आणि हम्मादी कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

"यात काय आहे?" मी विचारले.

"काही नाही गं. भाडं तुझ्या वतीने मी वसूल करायचं, एवढंच. तू कुठे हेलपाटे घालणार?"

"सगळं वाच. शब्द न् शब्द."

त्यांनी वाचले. सावकाश, स्पष्ट, मध्ये एकदा पाणी पिऊन. मी अंगठा दिला. हिवाळ्यात मी भाडेकरूला सहज फोन केला, तर तो म्हणाला, "बाई, मी आता भाडं देतो ते नव्या मालकाला. तुमच्या भावाने दुकान विकलं की. तुमच्या हिश्शासकट." वाचलेले एक होते, लिहिलेले दुसरेच. त्यात मला सर्वांत लागले ते पाणी पिणे. खोटे वाचताना घसा कोरडा पडतो, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

त्यानंतर मी कुणाच्याही वाचण्यावर विसंबले नाही. आलेले प्रत्येक पत्र मी दोन वेगळ्या माणसांकडून, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता, वाचून घेत असे. दोघांचे जुळले की मला वाटे, हे दोघे भेटले तर नसतील?

कलम दुसरे, डब्याविषयी. अंधांच्या संस्थेने परदेशातून दोन बोलके डबे मागवले. एक मला मिळाला, एक कचेरीत माझ्या शेजारच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या, माझ्यासारख्याच आंधळ्या महजूबाला. पावाच्या लादीएवढा लोखंडी डबा, पुढे जाळी, मागे संगणकाला जोडायची जाड वायर. संगणकावर जे लिहिलेले असेल ते तो अरबीत वाचतो. आवाज पुरुषाचा, सर्दी झाल्यासारखा. कुराणाची आयत असो की कचेरीतल्या साहेबाने दिलेली शिवी, एकाच सुरात. त्याला लाज नाही, घाई नाही, बहीण नाही, आणि बहिणीचे दुकानही नाही. बाजारात पुढे गोड गळ्याचे आवाज आले. भाच्याने मला एक ऐकवला. "आत्या, बघ किती खऱ्या माणसासारखा आहे!" म्हटले, म्हणूनच नको.

कलम तिसरे, मीलूद शहबूनी याच्याविषयी. समुद्राच्या दमट हवेने माझा संगणक आतून गंजला आणि एका सकाळी सुरूच झाला नाही. डबा ठीक होता. वीज दिली की "तयार" एवढे म्हणायचा. तो शब्द त्याच्या स्वतःच्या पोटातला. बाकी सगळे बोलण्यासाठी संगणकात त्याचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषा: संगणकाची भाषा डब्याला समजावून सांगणारा. तो माझ्याकडे फ्लॉपीवर होता, आणि फ्लॉपीला बुरशी आली होती. महजूबाच्या फ्लॉपीवर तिच्या नातवाने कधीच खेळ भरले होते.

मी डबा पोटाशी धरून दर्ब घलेफच्या बाजारात गेले. तिथे पत्र्याच्या टपऱ्यांत मेलेली यंत्रे उठवून बसवतात. मीलूदने डबा हातात घेतला आणि म्हणाला, "लल्ला, बाईसाहेब, हा म्युझियमला द्या. बोलणारा फोन देतो, हा घ्या."

"मी फोन मागितला का?"

"याचा ड्रायव्हर जगात कुठे नाही. कंपनी बुडाली, तिचा मालक पळाला."

"तुला काय माहीत? आधी शोधलास का?" तो गप्प झाला. गप्प माणूस मला दोन गोष्टी सांगतो: एकतर त्याला माहीत नाही, नाहीतर त्याला फार माहीत आहे. मी डबा तिथेच ठेवला, पण त्याच्या बुडाला नखाने एक खूण करून.

आठवड्याने परत गेले तेव्हा आधी खूण चाचपली. होती. मग स्क्रूंना जीभ लावून पाहिली, कारण नव्या स्क्रूची चव वेगळी असते.

"लल्ला, माझ्यावर संशय घ्या, रोज घ्या," मीलूद ओरडला, "पण विजेचं सामान चाटू नका! मेलात तर माझ्या टपरीत मेलात असं होईल."

त्याने जुन्या भागांतून माझ्यासाठी एक संगणक उभा केला, हे मी मान्य करते. डब्याची वायर बसेल असे तोंड असलेला. मात्र भागांसाठी मी त्याला दिलेल्या माझ्या गंजलेल्या संगणकातला पंखा चांगला होता, आणि आता त्याच टपरीतल्या दुसऱ्या यंत्रात तो फिरतो आहे. त्याची घरघर मी ओळखते. मीलूदने शपथा घेतल्या. शपथा फार होत्या.

कलम चौथे, इर्बिदच्या वासिफ तल्हूनी यांच्याविषयी. मीलूदने हात टेकले तेव्हा मी तेच केले जे मला जन्मभर येत होते: फोन. कंपनी आखातातली होती. तिथल्या व्यापारी मंडळाने मला एका वकिलाकडे ढकलले, वकिलाने एका हिशेबनिसाच्या विधवेकडे, आणि ती बिचारी म्हणाली, "डब्यातलं ते सगळं लिहिणारा इंजिनीअर जॉर्डनचा होता. आता इर्बिदला ऑलिव्हचं तेल विकतो. पण जपून बोला, तो कुणावर विश्वास ठेवत नाही." तेव्हाच मला वाटले, हा माणूस कामाचा.

"कोण बोलतंय?" वासिफ म्हणाले.

मी सांगितले.

"खोटं. तुम्हाला माझ्या जुन्या भागीदाराने लावलंय. त्याला सांगा, माझ्याकडे काही नाही."

"मी आंधळी बाई आहे, कासाब्लांकाहून बोलते."

"आंधळं असल्याचं फोनवर कोणीही सांगेल."

हे मला पटले. मी रिसीव्हर जाळीशी धरला आणि डब्याला वीज दिली. "तयार," डबा म्हणाला. मग वासिफ हळूच म्हणाले, "तो मी आहे. अक्षरं म्हणायला माणूस आणायचे पैसे नव्हते, म्हणून मीच म्हटली. त्या आठवड्यात मला सर्दी होती."

म्हणजे इतकी वर्षे मी एका माणसावरच विश्वास ठेवत आले होते. हे ऐकून मला डबा भिंतीवर आपटावासा वाटला. नंतर विचार केला: याने अक्षरे म्हटली, वाक्ये नाहीत. अक्षरांत खोटे बोलता येत नाही.

थोड्या दिवसांनी झातर मसाल्याच्या पुडीत गुंडाळलेली फ्लॉपी पोस्टाने आली. मीलूदने ती घालून पाहिली. कोरी. मी फोन लावला आणि वासिफ तल्हूनी यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, माझ्या ऑपरेटरच्या शुद्ध उच्चारात.

ते हसत होते. "मुद्दाम कोरी पाठवली होती. भागीदाराच्या वकील असता तर नोटीस आली असती. तुम्ही शिव्या दिल्या. आता खरी पाठवतो."

"आणि तीही कोरी निघाली तर?"

"तर मला नवीन शिव्या ऐकायला मिळतील."

खरी आली. मीलूदने दुभाषा संगणकात बसवला, आणि डबा त्याच्या टपरीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलला. त्याने काय वाचले हे कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगते: मीलूदने लिहून ठेवलेली दुकानातल्या भाववाढीची यादी. मीलूदने घाईघाईने तार ओढली. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. मीलूदने चहा मागवला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, याची मी नोंद करते.

कलम पाचवे, वाटणी. माझ्या एक तृतीयांशातून: डबा, संगणक आणि दुभाष्याची मूळ फ्लॉपी महजूबाला. तिचा डबा तिच्याकडे आहेच. दोन ठेवावेत, कारण एक बिघडतो. फ्लॉपीची प्रत जो मागेल त्याला, तो कुठल्याही देशाचा असो, फुकट द्यावी, आणि आधी त्याच्या डब्याचे "तयार" फोनवर ऐकून घ्यावे. मीलूदला माझी हत्यारांची पेटी, वायरींचे वेटोळे आणि जुनी यंत्रे. पंखा त्याने आगाऊ घेतलेला आहे. वासिफ यांना माझे चांदीचे कंकण. त्यांनी ते वितळवून खरे आहे का ते पाहावे, मला राग येणार नाही. उरलेली रोकड अंधांच्या संस्थेला, पण खजिनदार बदलल्यावर.

कलम सहावे, बंधू हम्मादी यांच्याविषयी. गेल्या महिन्यात ते आले. मी त्यांच्या हातात माझ्या औषधाची बाटली दिली आणि म्हटले, "वाच." त्यावर काय आहे ते औषधवाल्याने मला आधीच सांगून ठेवले होते. हम्मादींनी नाव वाचले, मात्रा वाचली, जेवणानंतर हेही वाचले. मग वाचले, "गाडी चालवू नये."

"मी कुठे गाडी चालवते रे?"

"लिहिलंय, म्हणून वाचलं."

घसा कोरडा नव्हता. पाणी मागितले नाही. मी परीक्षा घेते आहे हे त्यांना कळले होते का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून माझी आज्ञा अशी: हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अदूलांच्या, म्हणजे शरियतीचे दस्त करणाऱ्या नोटरींच्या, कचेरीत हम्मादी यांनी स्वतः मोठ्याने वाचावे, पहिले कलम आणि त्यातले दुकान धरून. त्यांचे झाले की महजूबाने डबा लावून तेच पुन्हा ऐकवावे. शब्द कमी पडला तरी त्यांचा हिस्सा कमी होत नाही. फक्त तो कमी पडलेला सगळ्यांनी ऐकावा.

हे मृत्युपत्र मी तोंडी सांगितले आणि अदूल इब्तिसाम बाईंनी संगणकावर उतरवले. सही करण्याआधी मी ते घरी नेऊन डब्याकडून वाचून घेतले, आणि बरे केले. मी जिथे जिथे "तो चोर" सांगितले होते, तिथे तिथे "प्रिय बंधू" आले होते.

"लल्ला, मला लिहवेना," इब्तिसाम बाई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर त्यांना ते मोठ्याने वाचायचंय."

मी बराच वेळ विचार केला. मग "प्रिय" काढायला लावले. "बंधू" राहू दिले.

अंगठा: तामू बिन्त मदनी ख्याती

अदूल: इब्तिसाम लहरीशी, बूश्ता वर्दीघी
हजर: महजूबा बिन्त अल्लाल (अंगठा), मीलूद शहबूनी (सही, ओळखपत्र तपासून घेतले)

कासाब्लांका, ९ मार्च २०२२