पावती नसलेली शाल

९ जानेवारी, शुक्रवार

शाल! निळी!

दुपारी जरा डोळा लागला होता. उठून बाहेर येतो तर टेबलावर खोकं, खोक्याशेजारी चुरगळलेला तलम कागद, आणि ही आरशासमोर उभी. खांद्यावर शाल. निळी म्हणजे नुसती निळी नव्हे. दिवे लागायच्या आधी आभाळाला घटकाभर एक रंग चढतो ना, तो.

"कुणी दिली?"

"का? शोभत नाही?"

"त्यानेच ना? खणखण्यानं?"

ही आरशातूनच हसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शाल सारखी करत स्वयंपाकघरात निघून गेली.

म्हणजे हो!

१० जानेवारी, शनिवार

सकाळपासून दुसरं काही सुचत नाही. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं म्हणे. हिनेच सांगितलं, तेही शाल पांघरून.

खणखण्या आमच्या वर्गातला. मी, ही आणि तो, तिघं एकाच वर्गात. आवाज खणखणीत म्हणून खणखण्या. कवितापाठांतराच्या स्पर्धेत पाच वर्षं तो पहिला, पाच वर्षं मी दुसरा. कविता मला त्याच्याहून पक्क्या पाठ असायच्या. आजही आहेत! पण व्यासपीठावर चढलो की तिसऱ्या कडव्याला पहिल्या बाकावरची ही दिसायची, आणि चौथं कडवं कुठल्या कुठे पसार. पुढे लग्न माझ्याशी झालं. मला वाटलं, स्पर्धा संपली.

गेल्या रविवारी वर्गाचा मेळावा झाला. अठ्ठावन्न वर्षांनी. निम्म्यांना दात नाहीत, उरलेल्यांना ऐकू येत नाही. आणि हा गृहस्थ उठला, नदीची ती लांबलचक कविता म्हणायला लागला — चष्मा नाही, कागद नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही! हिने टाळ्या वाजवल्या त्या हात डोक्याच्या वर नेऊन. मुलीचा निकाल लागला तेव्हाही इतक्या वाजवल्या नव्हत्या.

आणि म्हणाली काय? "अरे, तू अजून तस्साच आहेस रे!"

त्याला अरे. मला पन्नास वर्षं अहो!

निघताना त्यानं मला विचारलं होतं, "राहता कुठे हल्ली?" मी भोळसटासारखा पत्ता सांगितला. खुणेसकट.

१२ जानेवारी, सोमवार

डोक्यावर पंखा फिरतोय आणि अंगावर शाल!

१३ जानेवारी, मंगळवार

मुलीचा फोन. हिने तिला शालीतला फोटो पाठवलाय. स्वतःचा स्वतः काढून! मुलगी मला म्हणते, "बाबा, काय सुंदर रंग आहे! तुम्ही आणलीत ना?"

"मी? छे!"

तिचा सूर एकदम उतरला. "बरं. आईला द्या फोन."

पुढं दोघी अर्धा तास हळू आवाजात बोलत होत्या. मी आत गेलो की हवामान सुरू.

शाळेत प्रश्न असायचा : कवीला येथे काय सुचवायचे आहे? मग मीही विचारतो. निळीच का? तांबडी का नाही? चौऱ्याहत्तरीला आलेला माणूस दुसऱ्याच्या बायकोला शाल का पाठवतो? शाल म्हणजे काय पुस्तक आहे, वाचून ठेवून द्यायला? ती खांद्यावर बसते! संदर्भासह स्पष्टीकरण द्या. गुण दहा.

फोन करून त्यालाच विचारावं? नको. फोन केला की तो आवाज ऐकावा लागेल.

चहाच्या वेळी सहज म्हटलं, "एवढी थंडी आहे का?"

"आहे."

"मला नाही वाजत."

"तुम्हाला कधी काय वाजलंय!"

१५ जानेवारी, गुरुवार

ठरलं. खोक्यावर दुकानाचा पत्ता आहे. उद्या ही बहिणीकडे जाणार, शाल मळेल म्हणून ठेवून जाणार. मी ती परत करणार. दिलेलं परत गेलं की त्यालाही समजेल. कसं समजेल ते माहीत नाही. पण समजेल.

१६ जानेवारी, शुक्रवार — दुपार

केलं!

गेल्या गेल्या काउंटरवरच्या बाईंनी हात पुढे केला. चष्मा साखळीला, नजर थेट हेडमास्तरीणबाईंची.

"पावती?"

"नाही. भेट आलेली आहे."

"मग ज्यांनी दिली त्यांच्याकडून आणा."

"ते शक्य नाही."

"अरेरे. वारले का?"

"नाही ना!"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मागे रांगेत एकजण खुसखुसला. मी म्हटलं, "बाई, ही शाल घरात नको आहे. एवढंच समजा." त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. लेबल जागेवर होतं; ही लेबलं कधी कापत नाही, दुमडून आत ढकलते.

"पावतीशिवाय पैसे मिळायचे नाहीत, आजोबा. याच किमतीचं दुसरं काही घ्या."

दुसरं काही! बाहेर काढायला आलेलो मी, घेऊन काय जाऊ? टॉवेल पाहिले. उशांचे अभ्रे पाहिले. आणि एकदम डोक्यात आलं — शालच घ्यायची! माझ्याकडून! मी निवडलेली! तिच्या खांद्यावर शालच हवी असेल तर ती माझी का असू नये?

पाऊण तास लावला. शेवटी तपकिरी घेतली. गंभीर रंग, पानगळीचा. मळखाऊ सुद्धा. बाई म्हणाल्या, "कुणासाठी?" मी म्हटलं, "पत्नीसाठी." हा शब्द दुकानात उभं राहून मी याआधी कधी उच्चारलाय का, आठवेना.

निघताना पाहिलं, निळी शाल फळीवर परत गेलीसुद्धा होती, आणि एक तरुण बाई ती अंगावर घेऊन आरशात वळून वळून बघत होती. बघू दे! खुशाल न्यावी. खणखण्याची शाल परक्या बाईच्या खांद्यावर, यासारखा न्याय नाही.

१६ जानेवारी — संध्याकाळ

ही आली. मी खोकं पुढे केलं. पुन्हा व्यासपीठावर चढल्यासारखं वाटत होतं.

"हे काय?"

"उघड तर."

तिनं उघडलं. शाल उलगडून पाहिली. मग तिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, हे मी फार पूर्वीच करायला हवं होतं.

"तुम्ही आणलीत? स्वतः जाऊन?"

"स्वतः. रंगही मीच निवडला."

"म्हणजे आठवलं म्हणायचं. उशिरा का होईना!"

काय आठवलं ते कळलं नाही, पण मी मान डोलावली. तिनं तपकिरी शाल गालाला लावून पाहिली. मग म्हणाली, "आता दोन झाल्या. एक बाहेरची, एक घरातली."

"एकच. ती मी परत केली."

"कुठे परत केली?"

"दुकानात. तिच्या बदल्यात ही दिली त्यांनी."

ही खुर्चीत बसली. शाल मांडीवर तशीच.

"तिच्या बदल्यात," ती म्हणाली.

"त्याला कळेल आता!"

"कुणाला?"

मी उत्तर देणार एवढ्यात ती हसायला लागली. इतकी हसली की शेवटी डोळे पुसायला लागले. मग आत गेली.

हसली म्हणजे राग नाही. शाल घरातून गेली, आणि माझी आली. खरं सांगायचं तर आज पहिल्यांदा पहिला आल्यासारखं वाटतंय.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी चहाच्या कपाखाली घडी घातलेला कागद. पावती. त्याच दुकानाची.

लोकरी शाल, निळी, एक नग. गिऱ्हाइकाचं नाव — हिचं. तारीख नऊ जानेवारी.

नऊ जानेवारीला हिचा वाढदिवस असतो.

ही गॅलरीत कपडे वाळत घालते आहे. अंगावर तपकिरी शाल आहे. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" मागे न वळता म्हणाली, "तुम्ही जळत होतात. मला बरं वाटत होतं."

दुकान दहाला उघडतं. आत्ता सव्वाआठ. मी कपडे करून, चपला घालून दाराशी बसलो आहे.