गुरुप्रसादला बघून घ्या

१२ नोव्हेंबर, मंगळवार

धोंडूची दोन बोटं गेली. क्रशरमध्ये. बर्फाचा चुरा लाल यायला लागला, तेव्हा आम्हाला कळलं!

बर्फाची लादी अडकली होती. मशीन बंद करून त्याने हात आत घातला. सुपरवायझर सुदेश बटणापाशी उभा. त्याने विचारलं, "झालां?" धोंडू आतूनच, "झालां, झालां—" त्याला म्हणायचं होतं, होत आलंय, जरा थांब. सुदेशने बटण दाबलं.

मी वर मॅनेजरच्या केबिनमध्ये. किंकाळी ऐकून धावले. माझ्या ओढणीत त्याचा हात गुंडाळला आणि त्याला रिक्षात घातलं. ओढणी जड होत गेली. बोटं शोधत बसलो, तोवर तो चुरा एका होडीवर चढूनही गेला होता.



१३ नोव्हेंबर

कारखान्यात काम बंद. बर्फ वाहणाऱ्या हमालांचा मुकादम गुरुप्रसाद गेटला आडवा उभा. ओरडत नव्हता. "क्रशराक जाळी लावा. मगे गेट उघडतलंव." इतकंच.

बरोबरच बोलतोय! जाळी मी उन्हाळ्यापासून मागतेय. मालक लिओनसर म्हापशाला राहतात, फोनवर "बघू" म्हणतात. तेवढ्यावर विषय संपतो.

बंदरात होड्या बर्फासाठी खोळंबल्यात. मासळी सडायला लागली. संध्याकाळी सरांचा फोन— "फ्लाव्हिया, उद्या गेट उघडायला हवं. गुरुप्रसादला जरा बघून घ्या." मी "हो सर" म्हणेपर्यंत फोन बंद.

खाली जाऊन सुदेशला सांगितलं, "सरांनी सांगितलंय, गुरुप्रसादला बघून घ्या." तो म्हणाला, "बरां." दोघं एकाच वाडीतले. चहा पाजून समजूत काढेल.

१४ नोव्हेंबर

 जसं बघितलं तसं लिहिते.

सकाळी स्कूटर वळवली तर गेटपाशी धुरळा. सुदेश आणि आणखी तिघं. हातात लाद्या ओढायचे लोखंडी आकडे. गुरुप्रसाद जमिनीवर. एक जण त्याच्या पाठीवर बसलेला, दुसरा लाथा घालतोय— तोंडात, बरगड्यांत. त्याने एका हाताने डोकं झाकलं होतं. सुदेशने तो हात ओढून बाजूला केला. आणि आकडा मारला.

तो आवाज! ओलं काहीतरी फुटल्यासारखा.

"थांबा! सुदेश, थांब!" मी किंचाळले. तो वळला. तोंडावर रक्ताचे शिंतोडे. धापा टाकत, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला— "तुमीच सांगलास मा, मॅडम!"

हमालांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

१५ नोव्हेंबर

गुरुप्रसादचा डावा डोळा गेला. गोव्याला हलवलंय. सुदेश आणि ते तिघे कोठडीत. सरांचा फोन लागत नाही.

१६ नोव्हेंबर

आज मरणार होते.

दुपारी माणसं आली. हमाल, होड्यांवरची पोरं, वाडीतल्या बायका. पहिल्या दगडात केबिनची काच. नंतर मोजदाद नाही. ऑफिसची खुर्ची बाहेर काढून पेटवली. वॉचमन मागच्या भिंतीवरून पळाला. मी टेबलाखाली. एक दगड भिंतीवर आपटून कपाळाला लागला. रक्त डोळ्यात उतरलं, काही दिसेना.

खालून गुरुप्रसादच्या बायकोचा, रसिकाचा आवाज— "भायर ये गो! माज्या घोवाचो डोळो गेलो, तू टेबलाखाली लपतंस?"

उतरले. जिना धरून. ती समोर आली.

"तू सांगलंस? व्हय काय नाय, इतक्याच सांग."

सरांचं नाव जिभेवर आलं होतं. पण सुदेशच्या कानात ते शब्द घातले ते माझ्या तोंडाने.

"व्हय," मी म्हटलं. "मार म्हणून नाय सांगलंय. पण मारू नको, असांय नाय सांगलंय."

तिने थोबाडीत मारली. ओठ दातावर फुटला. परत मारली. मी हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी तिचाच हात लटपटला. ती तिथेच खाली बसली आणि छाती पिटायला लागली. दगड घेऊन उभी असलेली पोरं बघत राहिली. कुणी पुढे आलं नाही.

१८ नोव्हेंबर

कपाळाला टाके. ओठ सुजलाय, पेज स्ट्रॉने पिते.

वेल्डरला मीच बोलावलं. क्रशरला जाळी लागली. कुणाची परवानगी मागितली नाही! हमालांना म्हटलं, यापुढे मी काहीही सांगितलं की तुम्ही ते मला परत बोलून दाखवायचं. मशीन चालू करण्याआधी आत हात घालणाऱ्याने स्वतःचं नाव घेऊन "बाहेर" असं ओरडायचं.  मग धोंडू— बँडेजचा हात गळ्यात— हळूच म्हणाला, "धोंडू, भायर." दोघे-तिघे हसले. मला रडू आलं.

एकच प्रश्न विचारायचा होता त्या दिवशी. 'बघून घ्या म्हणजे काय करू, सर?' जीभ का रेटली नाही? तेवढ्याने गुरुप्रसादचा डोळा वाचला असता.

पोलिसांना परवा जबाब द्यायचाय. सांगेन— निरोप मी अर्धवट दिला, सुदेशने चुकीचा अर्थ घेतला.

२० नोव्हेंबर

सर आले. फुटलेल्या काचेपाशी उभे राहिले. मी म्हटलं, सुदेशला चुकीचं कळलं, दोष माझा, तसा जबाब देते. ते खाली बंदराकडे बघत म्हणाले—

"सुदेशाक बरोबर कळलां. कळूक नाय तां तुका. पण जबाब तसोच दी."

मी पोलीस ठाण्यात जाऊन आले. तसा दिला नाही.