कारणे द्या : इयत्ता नववी, प्रश्न चौथा (ब)

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (माध्यमिक),
जिल्हा परिषद, नाशिक.

अर्जदार : हस्केल दाविद झिराडकर, वय ७१, निवृत्त रेल्वे पार्सल क्लार्क, राहणार देवळाली कॅम्प, ता. जि. नाशिक.

विषय : कु. शकुंतला केरू पगारे, इयत्ता नववी, हिला इतिहासाच्या एका उत्तरास दिलेले शून्य खोडून तिला दहावीत बसविण्याबाबत.

संदर्भ : शाळेच्या मुख्याध्यापकांचे तोंडी उत्तर, "झिराडकर, आमच्या हातात काही नाही. वर अर्ज करा."

महोदय,

वर आपण आहात असे कळल्यावरून अर्जदार पुढीलप्रमाणे नम्रपणे नमूद करतो.

१. अर्जदार हा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी आहे. पाठ्यपुस्तकात यालाच ज्यू म्हणतात. फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला असे अर्जदाराच्या समाजात सांगतात. पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. शनिवारी काम करायचे नाही, लिहायचेसुद्धा नाही, हा नियम अर्जदार आजही पाळतो. आज शुक्रवार आहे, आमचा शनिवार आज दिवेलागणीलाच सुरू होतो, म्हणून त्याच्या आत हा अर्ज पुरा करणे भाग आहे. अक्षर घाईचे वाटल्यास क्षमा असावी.

२. सदर शाळेतील इतिहासाचे शिक्षक श्री. जयराम रावजी बोरस्ते (यापुढे 'जयराम'. वीसेक वर्षांत अर्जदाराने त्यांना बोरस्ते म्हटलेले नाही व आता लिहिताना पेन अडखळते) हे अर्जदाराचे मित्र होते. आहेत की होते, हे आपल्या निर्णयावर अवलंबून आहे. अर्जदाराच्या घरी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो (पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा, कार्यालयीन नव्हे), तेव्हा पहिले ताट जयराम यांचे असते. अर्जदाराच्या दाराच्या चौकटीला धर्मवचनाची एक छोटी नळी ठोकलेली आहे. आत येताना तिला हात लावून तो ओठांना लावायचा असतो. अर्जदार कैकदा विसरतो, जयराम कधी विसरले नाहीत. अर्जदाराचा मुलगा इस्राएलात बीरशेबाला स्थायिक असून "आबा, इकडे या" असे दर पत्रात लिहितो. तिकडे मलिद्याला जयराम येणार नाहीत, असे अर्जदाराने त्याला दरवेळी कळवले आहे.

३. गेल्या फेब्रुवारीत जयराम स्वतः घरी येऊन म्हणाले, "हस्केलभाऊ, जर्मनीचा धडा आलाय. पुस्तकात तुमच्या लोकांवर अडीच ओळी आहेत. तुम्हीच या की वर्गावर! नाहीतरी दिवसभर ओट्यावर थापा मारत बसता, जरा सरकारी वेळेत मारा." मोकळे तास नेमके शनिवारी सकाळच्या शाळेत होते. अर्जदार शनिवारी गाडीत बसत नाही, म्हणून चालत गेला. खडू हातात धरता येत नव्हता. तेव्हा जयराम म्हणाले, "तुम्ही बोला, मी लिहितो." अर्जदाराने सांगितले आणि जयराम यांनी फळ्यावर लिहिले, असे तीन शनिवार चालले. तिन्ही दिवस फळ्यावर जे उमटले ते जयराम यांच्याच हातचे होते, एवढे कृपया ध्यानात ठेवावे.

४. पहिल्या दोन शनिवारी अर्जदाराने कोकण सांगितले. त्यात आजोबांच्या घाण्याच्या बैलाची हकीकत सांगितली. हा बैल रेवदंड्याच्या एका गृहस्थांना विकला असता पहिल्याच शनिवारी त्यांच्या दारात बसला तो उठेना. चाबूक झाला, पेंड झाली, देवऋषी झाला. रविवारी उजाडताच आपण होऊन जोखडाखाली मान घालून उभा राहिला. गृहस्थ बैल परत घेऊन आले व म्हणाले, "याचा धर्म आधी सांगायचा होतात!" मुले बाकांवरून पडायची राहिली. आपल्या कार्यालयास बैलाबाबत खात्री करून घ्यायची असल्यास बैल हयात नाही.

५. तिसऱ्या शनिवारी अर्जदाराने जर्मनी सांगितली. युद्धाच्या काळात देवळालीत अर्जदाराच्या शेजारी दातांची एक डॉक्टरीणबाई येऊन राहिली होती. जर्मनीतून एक पेटी घेऊन निसटलेली. पोस्टमन दिसला की उभी राहायची. पुढे पुढे बसूनच असायची. तिने अर्जदाराच्या आईला एकदा विचारले, "इथे तुम्हाला कोणी काही करत नाही?" आई म्हणाली, "शेजारणी विरजण मागायला येतात आणि वाटी परत देत नाहीत. त्यापलीकडे काही नाही." ती बाई हसली, आणि मग जी रडली ती आईला आवरेना. तिनेच सांगितले होते की आधी शाळेतल्या धड्यांत आमच्याविषयी लिहून आले, काचा नंतर फुटल्या. मग दुकाने गेली, मुलांना शाळेतून काढले, ती निसटल्यावर मागे राहिलेल्यांना कपड्यांवर खूण शिवायला लावली, आणि शेवटी आगगाड्या आल्या. अर्जदाराचा जन्म पार्सल ऑफिसात गेला. आंब्याच्या करंडीची पोहोच पावती असते. त्या मालगाडीच्या वाघिणींत भरलेल्या माणसांची पोहोच कोणी घेतली नाही. जयराम यांनी फळ्यावर 'साठ लाख' असे लिहिले, खडू खाली ठेवला व म्हणाले, "हस्केलभाऊ, अंगावर काटा आला हो."

६. एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत त्याच जयराम यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न चौथा (ब) असा आहे : 'कारणे द्या. जर्मनीतील लोकांना ज्यू लोकांचा राग येत असे.' अपेक्षित उत्तर असे आहे : 'कारण ज्यू लोक सावकारी करून श्रीमंत झाले होते व ते देशाशी एकनिष्ठ नव्हते.' गुण पाच.

अर्जदाराचा केसाने गळा कापला गेला तो या पाच गुणांनी.

७. वर्गातील बहुतेक मुलांनी अपेक्षित उत्तर घोकून लिहिले व पूर्ण गुण मिळवले. मुलांचा दोष नाही. बैलाला हसलेली मुले तीच. कु. शकुंतला हिने मात्र असे लिहिले : 'कारण नाही. ज्याला राग येतो त्याला विचारावे.' तिला शून्य मिळाले व इतिहासात ती दोन गुणांनी नापास झाली. तिचे वडील केरू पगारे यांचे म्हणणे पडले की, "नापास पोरीला शाळेत ठिवून काय करू? आत्याकडं चांदवडला जाईल, कांद्याच्या खळ्यावर चार पैसे तरी कमवंल." शाळा उघडण्याच्या आत निकाल न बदलल्यास मुलगी चांदवडला जाते व परत येत नाही, हे आपणांस सांगायला नको.

अर्जदाराने तिला विचारले, "शकू, हे उत्तर मी तर सांगितले नव्हते. तू कुठून आणलेस?" ती म्हणाली, "आजोबा, आमची नवसाबाई आजी सांगते ना. गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. आजीनं एकदा विचारलं होतं, का म्हणून? तर कोणालाच कारण येईना. नुसते दगड उचलले."

साहेब, अर्जदाराने तीन शनिवार घसा कोरडा केला. धडा समजला तो या एकीला, आणि नापास झाली तीही हीच.

८. अर्जदार जयराम यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "अहो, प्रश्न बाजारातल्या गाइडातून उचलला. उत्तर तयार असलं की गठ्ठा लवकर तपासून होतो. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ते ज्यू वेगळे. तुम्ही थोडेच त्यातले? तुम्ही आपले शनवार तेली." हे वाक्य त्यांनी प्रेमाने उच्चारले, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. प्रेमाने उच्चारले म्हणूनच ते घशाखाली उतरत नाही. अर्जदार त्यातलाच आहे. तीन शनिवार दुसरे काय सांगितले? आणि फळ्यावर लिहीत होते ते कोण?

९. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की शकूला गुण दिले तर सर्वांचे पेपर पुन्हा तपासावे लागतील. शिवाय झिराडकर हे गावात गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांच्या तासाला अध्यापन धरता येणार नाही. फळा तर केव्हाच पुसला गेला. अर्जदार गप्पिष्ट आहे, हे खरे. बैल त्याने रंगवला, यापुढेही रंगवील. जर्मनी रंगवलेली नाही. तिथे रंग भरायला जागाच नव्हती. फळ्यावर काय होते हे जयराम यांना माहीत आहे. मुख्याध्यापकांसमोर त्यांना तसे विचारले गेले, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले.

१०. परवा संध्याकाळी जयराम अर्जदाराच्या दारी आले होते. अर्जदाराने दार उघडले नाही, फटीतून पाहिले. त्यांचा हात सवयीने चौकटीकडे गेला, नळीला लागला, आणि मग ओठांकडे न जाता तसाच खिशात गेला. ते निघून गेले. त्या रात्री अर्जदार ताटात जेवण तसेच ठेवून उठला.

तरी अर्जदाराची विनंती अशी की :

(अ) प्रश्न चौथा (ब) रद्द करावा व पुन्हा कोणत्याही वर्गास घालू नये. रागाची कारणे विचारायचीच असल्यास वाटी परत न देणाऱ्या शेजारणींपासून सुरुवात करावी.

(आ) श्री. जयराम बोरस्ते यांस आपल्या कार्यालयात बोलावून बाकावर बसवावे, कोरा कागद द्यावा व पुढील एकच प्रश्न सोडवून घ्यावा :

'कारणे द्या. वीस वर्षे पहिले ताट ज्याच्या घरी जेवले, त्याच्याविषयी जयराम यांनी असा प्रश्न काढला.'

याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही. वेळेची मर्यादा घालू नये. ते खिडकीबाहेर बघू लागल्यास बघू द्यावे. सावकारी, एकनिष्ठा, पेपरांचा गठ्ठा असे काही लिहिल्यास शून्य द्यावे. पण अर्जदार त्यांना ओळखतो. बऱ्याच वेळाने ते 'कारण नाही' एवढेच लिहितील. तसे लिहिल्यास त्यांना पाचपैकी पाच गुण द्यावेत.

आणि तेच उत्तर त्यांच्या आधी लिहिणाऱ्या मुलीलाही तेवढेच द्यावेत.

दिवे लावायची वेळ झाली. इथे थांबतो.

आपला नम्र, व अद्याप देवळालीचाच,
हस्केल दाविद झिराडकर

शुक्रवार, दि. ६ मे १९८३

सोबत : प्रश्नपत्रिकेची प्रत. उत्तरपत्रिका शाळेने दिली नाही, तरी शकूने आपले उत्तर पुन्हा लिहून दिले आहे. तिला ते पाठ आहे.

ता. क. श्री. बोरस्ते यांना पूर्ण गुण मिळाल्यास निकाल टपालाने न कळवता त्यांच्याच हाती अर्जदाराकडे पाठवावा. दार उघडे असेल.