उकिरड्यावर ओतलेलं गाडगं

फौजेतून, मे १९४४

तीर्थरूप आबांस, जोतीरामचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल हाय. खायाला पोटभर मिळतंय.

पर तुमच्या सुनेचं पत्र आलं आन् डोकं फिरलं. मी कळवल्यापरमानं तिनं गाडग्यात गुळाचं पानी आंबवलं, तोंडावर कागदाचं नरसाळं बसवलं. वासाला डास आत शिरलं आन् बुडून मेलं. तुमी मात्र ते गाडगं उकिरड्यावर ओतलंत. माळकऱ्याच्या घरात दारूवानी वास आला तर लोक काय म्हनतील, म्हनं.

आवं आबा, गुऱ्हाळाच्या मळीचा आंबूस वास चार म्हैनं दारात असतो. तवा गळ्यातली माळ बाटत न्हाई? लोकांच्या नाकापायी तुमची नात चंद्रा दिवसाआड हिवतापानं फणफणतीया. तीन वर्साची पोर हाय ती.

आता तुमी सोताच्या हातानं गूळ आंबवा आन् गाडगं चंद्राच्या बाजंखाली ठेवा. तिचा ताप उतरला का, ते कळवा. आईचं गुडघं कसं हायती?

अक्षर वाकडं आलंय, मनावर घेऊ नका. हितं ऊन लय हाय, पर दोन कांबळी पांघरूनबी हात थरथरतोय.

तुमच्यावर रागावलेला, तुमचाच
जोतीराम