दरी निम्म्यावर आली

८ मे, सोमवार

निकाल आले! वरच्या वस्तीतली शाळा साठ, खालच्या वस्तीतली एकोणपन्नास. गेल्या वर्षी हेच आकडे एकाहत्तर आणि अठ्ठेचाळीस होते. म्हणजे दोन शाळांच्या सरासरीतली दरी तेवीसवरून अकरावर! शिक्षण कार्यालयात मी गुणांचे तक्ते करायला लागल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

साहेबांनी चक्क टाळी वाजवली. "निम्म्याहून कमी! अहो, निम्म्याहून!" केक मागवला. मीही खाल्ला. खाता खाता कुठेतरी खुपत राहिलं. खालची शाळा तर एकाच गुणाने वर आली. मग दरी एवढी बुजवली कोणी?

९ मे

कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वरच्या शाळेशेजारी गेल्या वर्षी नवी खाजगी शाळा निघाली. पहिल्या बाकांवरची पोरं तिकडे गेली. हुशार गेली, सरासरी बसली. मागे राहिलेल्यांचे गुण एकेकाचे काढून पाहिले. जसेच्या तसे! कोणाचं काही बिघडलेलं नाही आणि खालच्या शाळेत फारसं काही सुधारलेलं नाही. शेजाऱ्याचं छप्पर खचलं म्हणून आपलं घर उंच झालं, असं म्हणून आम्ही केक कापला.

घरी काही बोलले नाही. वहिनी खालच्याच शाळेत वाचनवर्ग घेते. चौथीत येऊनही अक्षर न लागणारी पोरं तिच्याकडे. आज स्वारी खुशीत होती. "चिमणीने दुकानाची पाटी वाचली गं! अख्खी! मालकाच्या नावासकट!" चिमणी हे वहिनीनेच ठेवलेलं नाव. वर्गात आली तेव्हा पुस्तक उलटं धरायची.

दादा म्हणाला, "पाट्या वाचून पोट भरत नाही." वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मुकाट खाली मान घालून जेवला.

११ मे

साहेबांनी टिपण काढलं. दरी बुजत आली, उद्दिष्ट साध्य झालं, सबब खालच्या शाळेतला वाचनवर्ग पुढच्या सत्रापासून बंद. वर्ग दरीसाठी मंजूर झाला होता ना! दरीच नाही तर वर्ग कशाला?

आत जाऊन सांगायचा प्रयत्न केला. "साहेब, खालची मुलं अजून तिथेच आहेत —" पुढे बोलूच दिलं नाही. "बाई, तुम्ही ना, चांगल्या बातमीला दृष्ट लावता."

पालथ्या घड्यावर पाणी. संताप संताप झाला.

१३ मे, शनिवार

मुख्याध्यापिकांनी वहिनीला सांगितलं. घरी आली ती थेट ओटा पुसायला लागली. पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

"उद्दिष्ट साध्य म्हणे! कोणाचं गं?"

मी ओट्यावरचे डबे बाजूला केले.

"माझ्याकडे पोरं अठरा. एवढ्या मोठ्या शाळेची सरासरी अठराजण किती हलवणार? चिमणी बारा गुणांवरून एकतीसवर आली. तुझ्या तक्त्यात कुठे आहे ती?"

"पस्तीसच्या खाली."

"आणि गेल्या वर्षी?"

"पस्तीसच्या खालीच."

म्हणजे तक्त्याच्या हिशेबी चिमणी जागची हललीच नाही. बारा काय न् एकतीस काय, दोन्ही एकाच लाल रकान्यात. तो रकाना मीच रंगवते.

"तू तिथे बसतेस ना? मग सांग की त्यांना!" तिचा आवाज चढला. मग एकदम पडला. "माझी नोकरी जात नाहीये गं. मला कुठेतरी टाकतील. ह्या पोरांना कोण आहे?"

तिच्याकडे बघवेना.

१४ मे

रविवार. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दादा मात्र उगाचच गोड.

१५ मे

पाच पानी टिपण लिहून हेडक्लार्कना दाखवलं. निवृत्तीला आलेला माणूस, सगळे साहेब कोळून प्यायलेला. न वाचताच परत दिलं. "साहेब पहिली ओळ वाचतात. दुसरीपासून पुढचं कपाट वाचतं."

मग बसून पहिल्या ओळी लिहिल्या. 'विद्यार्थ्यांच्या शाळाबदलामुळे सरासरीत आलेल्या फरकाबाबत' — "इथेच जांभई आली." 'खालच्या शाळेची गरज अद्याप कायम' — "ती तर नेहमीचीच. ह्याने कोण दचकणार?" शेवटी वैतागून लिहिलं : 'दरी कमी झाली ती खालची शाळा चढली म्हणून नाही, वरची शाळा घसरली म्हणून.'

"हां!" हेडक्लार्क खुर्चीत सरळ झाले. "आता दचकतील."

मला तो 'घसरली' जरा टोचला. घसरलं कोणीच नाही, फक्त काहीजण निघून गेले. पण ते खाली दुसऱ्या परिच्छेदात नीट लिहिलंय. वाचनवर्ग खालच्या शाळेत चालूच ठेवावा, हेही तिथेच. शहाण्याला शब्दाचा मार. साहेबांना निदान ओळीचा तरी लागू दे.

१७ मे

दचकले!!

आत बोलावलं. कागद हातात, पहिली ओळ मोठ्याने दोनदा वाचली. "वरची शाळा घसरली? आणि हे मला आत्ता सांगताय?" म्हटलं, साहेब, पुढे सविस्तर दिलंय. "हो हो, बघतो." माझ्यासमोरच वरिष्ठांना फोन लावला. मग म्हणाले, "वर्ग बंद करायचं टिपण मी मागे घेतो. चांगलं लक्षात आणून दिलंत."

बाहेर आले तर पाय जमिनीवर नव्हते. हेडक्लार्कनी न विचारताच चहा सांगितला.

वहिनीला सांगितलं तर दारातच माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. "वाटलंच होतं मला, तू गप्प बसायची नाहीस." मला रडू आलं. तिलाही. दादा म्हणाला, "आता दोघी मिळून रडणार असाल तर जेवण मी वाढतो." वाढलंही!

जेवल्यावर वहिनी चिमणीसाठी आणलेल्या गोष्टीच्या पुस्तकाला कव्हर घालत बसली. पुढच्या सत्रात हे अख्खं वाचून घ्यायचं म्हणे.

१९ मे

हुकूम निघाला. वाचनवर्ग बंद नाही — वरच्या शाळेत हलवलाय. वहिनीसकट. कारण म्हणून माझी पहिली ओळ, शब्दही न बदलता.

वहिनी आतून विचारतेय, "कागद आला का गं?"