ढगाळ रात्रीचा ग्रह

२ जून ९८, सांगली
सर (माझे गाईड) परिषदेसाठी बंगळूरला गेले. शुक्रवारी निबंध वाचणार. स्टँडवर सगळ्यांसमोर, "मधुरा, तुझ्याच रात्री सापडला हं ग्रह!" एक अंधारा तारा आडवा आला, त्याच्या ओढीने प्रकाश वळून मागचा तारा उजळत गेला, आणि आलेखाच्या त्या चढणीवर बारकासा उंचवटा. म्हणजे आडव्या ताऱ्याला ग्रह! अशी गाठ पुन्हा पडत नाही, ताडून कोण बघणार? बरंच आहे, असं का वाटलं मला?

३ जून, सातारा
वेधशाळेच्या टेकडीवर. पावसाळ्याआधी दुर्बीण झाकायची. चौकीदार जाधवमामांना (माजी सुभेदार, रोजचं आभाळ वहीत टिपतात) आलेख दाखवला. उंचवटा ११ मेच्या रात्रीचा.
"आवं मॅडम, त्या राती आभाळ गच्च हुतं. मी घुमट उघडलाच न्हाई."
वहीतही तेच. आत जाऊन मेमधल्या नोंदी काढल्या.

संध्याकाळी
सापडलं. सरांना ताप होता, त्या एका रात्री नोंदी माझ्या. "१२ मे, रात्री २.१०." अण्णा वाईला पंचांग करतात, आमच्या घरात उजाडल्याशिवाय दिवस बदलत नाही. तीच सवय. अगं बाई, घड्याळाने ती १३ तारीख होती! काँप्युटरने ते मोजमाप मुकाट एक दिवस मागे, ११च्या रात्रीत लावलं. तारा तर रोज उजळत होता. दुसऱ्या रात्रीचा उजेड आदल्या रात्रीत पडला, झाला उंचवटा.
मामांना म्हटलं, कुणाला बोलू नका. "मी कशाला बोलू? तुमी बोलाल की."

४ जून, वाई
तारीख सरकवून पाहिली. चढण एकसारखी, उंचवटा गायब. ग्रहबिह काही नाही.
अण्णांना सांगितलं तर हसले! "पंचांग बरोबर आहे, तुझं यंत्र चुकलं." इतका राग आला, रडूच फुटलं. मग हळूच, "सरांना कळवलंस?"
नाही. पीएच.डी. जाईल. सरांची अब्रू जाईल, ती तर माझ्या हातून. गप्प बसले तर…
भीती वाटते. दोन्हीची.

५ जून, वाई
साडेनऊला एसटीडी बूथ. सरांचा निबंध अकराला. परिषदेच्या ऑफिसातून कुणीतरी, "धरा हं, बोलावतो." फोन ठेवून द्यावासा वाटला. तेवढ्यात सरच, खुशीत, "अगं, इथे सगळे तुझंच नाव विचारतायत!"
"सर, त्या रात्री ढग होते." मग तारखेचं सगळं, एका दमात.
पलीकडून कागद चाळल्याचा आवाज. मग, "बरं." त्यांनी फोन ठेवला.
आत्ता साडेबारा. सरांनी काय वाचलं, अजून कळलेलं नाही.