बाळंतपणात गेलेली साखर

आई, परवा रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमच्या आई कशाने गेल्या?" माझ्या तोंडून पटकन आलं, पित्ताने. इतकी वर्षं घरात हेच तर सांगत आलो. बाईंनी मान हलवली. "त्यांना गरोदरपणात साखर होती का?" होती ना, माझ्याच वेळी! किती कौतुकाने सांगायचीस, "नाळ कापली नि साखर गेली. परत बघायला पण लागली नाय." मलाही धाकटीच्या वेळी झाली, बाळंतपणानंतर गेली, आणि मी पेढे खाऊन मोकळी झाले. बाई म्हणाल्या, "साखर जाते हो, पण अशा बायकांना पुढे मधुमेहाचा, हृदयाचा धोका राहतो. तपासत राहायचं असतं." मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुला तरी कोण सांगणार होतं?

तेव्हापासून तू कामाला होतीस तो पेणचा मूर्तींचा कारखाना डोळ्यांपुढून हलत नाही. गणपती महिन्यावर आलेत, तू मूर्ती घेऊन माळ्यावर चढतेयस आणि अर्ध्या जिन्यात थांबतेस. दोन्ही हातांत मूर्ती, छातीवर हात ठेवायचीही सोय नाही. "थांब रे बाबा, जड झालास," असं गणपतीलाच म्हणतेस. सगळे हसतात, मीपण हसते. त्या शेवटच्या दुपारी तुझा जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, घामाने पोलकं भिजलं होतं. "काय नाय गो, पित्त झालंय. टेम्पो भरू दे आधी." मी लिंबू-सोडा आणला. तू अर्धा प्यायलीस, भिंतीला टेकून बसलीस आणि उठली नाहीस.

गेल्यावर कधी स्वप्नातसुद्धा आली नाहीस. आता भर दिवसा येतेस. गेल्या आठवड्यात तांदळाचा डबा घेऊन जिना चढताना पाय थांबले, जबड्यात कळ आली आणि वाटलं, माझ्या अंगात तूच उभी आहेस. धाकटी वरून बघत होती. मी तिच्याकडे बघून हसले, तर ते हसूही तुझंच. असा राग आला तुझा! एकदा तरी कोणाला म्हणायचं होतंस गो, की दम लागतोय. म्हणून मी नवऱ्याला सांगितलं आणि बाईंकडे गेले.

उद्या पनवेलला हृदयाची मोठी तपासणी आहे. हे लिहून कुठे टाकणार, कपाटातच राहील. पण एक सांगते, रागावू नकोस. एरवी ये, भाकऱ्या थापताना ये, धाकटीची वेणी घालताना ये. उद्या मात्र माझ्यासोबत येऊ नकोस. मला तुझी भीती वाटते.